कवळीमास्तरांच्या टाकीतलं फूल

…आणि ती बाई नवी कवळी घालून आरशासमोर उभी राहिली. हसली. मान तिरकी करून पुन्हा हसली. मग डॉक्टरांकडे वळून म्हणाली, "दात झकास आहेत हो, पण हे हसू माझं नाही. हे माझ्या जावेचं हसू आहे."

झालं! डॉक्टरांनी कपाळाला हात लावला आणि कवळी डबीत घालून परत पाठवली कवळीमास्तरांकडे. मास्तरांनी फोन करून एवढंच विचारलं, "जाऊबाईंचे दात सरळ आहेत का?" डॉक्टर म्हणाले, "असणार. म्हणून तर ही चिडली." मास्तरांनी पुढचे दोन दात केसभर आत घेतले, कडेचा एक मुद्दाम जरासा वाकडा बसवला आणि बाई खूश! "हां, आता मी आले," म्हणाली. घरी गेल्यावर नवरा म्हणाला म्हणे, "आधीचीच बरी होती." पण नवऱ्याला कोण विचारतो.

तर असे हे कवळीमास्तर. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात, पण यांचं आयुष्यभर दातांवरच भरलं. डॉक्टर तोंडाचं माप घेऊन पाठवणार आणि मास्तर घराच्या मागच्या खोलीत बसून त्यावर कवळी घडवणार. भिंतीच्या फळीवर प्लास्टरचे जबडे ओळीने आ वासून बसलेले. टेबलावर गुलाबी मेणाच्या पट्ट्या, मेण वितळवायचा बारकासा दिवा, घासायची मोटर, आणि बाहीवर, भुवयांवर, चहाच्या कपावर पांढरी भुकटी. आपल्या कवळीने कोण काय चावतं, हे मास्तरांनी कधी पाहिलं नाही. माणसाचा जबडा ओळखीचा, माणूस अनोळखी. त्यांना हे बरं वाटायचं, कारण मुळात बोलण्याचं अंग नाही. गल्लीतले लोक म्हणत, "सगळ्या गावाला बत्तीशी देतो, पण स्वतःची कधी दाखवत नाही."

बोलायचं खातं सगळं ताईकडे. ताई म्हणजे त्यांची थोरली बहीण. मोठ्या इस्पितळात टेलिफोनवर बसायची. "नमस्कार, कुणाशी बोलायचंय?" हे वाक्य तिने जन्मभर इतक्यांदा म्हटलं की झोपेतसुद्धा कूस बदलताना कुणाला तरी जोडून द्यायची. लग्न दोघांचंही नाही. ताईचं का नाही, असं कुणी विचारलं तर ती म्हणे, "लाइन लागत होती, पण समोरून कुणी उचलेना." आणि मास्तरांचं का नाही, तर म्हणे, "याला 'हो' म्हणायला वेळ लागतो. तोवर मुलगी आजी होईल." दोन खोल्या, दोन माणसं, एक बोलणारं आणि एक ऐकणारं. संसाराला आणखी काय लागतं?

तिसरी होती टाकी. माशांची. पुढच्या खोलीत, खिडकीपासून लांब, लोखंडी स्टँडवर. ताईने हौसेने आणलेली. निळ्या पट्ट्यांचे चिमुकले मासे आणि एक काच चाटणारा काळा मासा. त्याला ताई 'झाडूवाला' म्हणे. पण ताईचा जीव माशांवर नव्हता. जीव होता मधोमध लावलेल्या एका झाडावर. रुंद, लांब, टोकदार पानांचं झुडूप, मुळापासून कारंज्यासारखं उठलेलं. दुकानदार त्याला 'तलवार' म्हणायचा. आता हा दुकानदार म्हणजे टाकीवाला. त्याला मासेवाला म्हटलं की चिडे. "खायचे नव्हेत, बघायचे विकतो!" म्हणे. विकताना त्याने ताईला छातीठोकपणे सांगितलं होतं, "याला फूल येतं, ताई. पांढरंशुभ्र. माझ्या घरच्या टाकीत आलंय." आणि जाता जाता हेही सांगितलं, "पाण्याच्या वर जाईल ते कापत जा. झाकणाला लागलं की कुजतं आणि पाणी नासतं."

ही दोन वाक्यं ताईने गाठीला बांधली. फूल येणार, आणि वर जाईल ते कापायचं.

मग काय! रविवारी सकाळी दोघा बहीणभावांचा टाकीसमोर दवाखाना उघडायचा. मास्तर आपली हत्यारं घेऊन बसत. लांब चिमटा, वाकड्या टोकाची कात्री, काचेवरचं शेवाळ खरवडायला मेणाची सुरी. आणि ताईच्या हातात दाताच्या डॉक्टरचा तो छोटा गोल आरसा, दांडीवाला. तो पाण्यात बुडवून ती झाडाच्या पोटात बघायची, दाढ बघावी तशी. तिची खात्री, की फूल आलं तर गाभ्यातून येणार, कमळासारखं, पानांच्या मधून हळूच.

"दिसतंय का काही?" मास्तर विचारत.

"कीड नाही, पोकळी नाही, फूल नाही," ताई म्हणे. "पुढच्या रविवारी या."

आणि मधूनमधून त्या झाडातून एक लांब, बारीक, हिरवा दांडा निघायचा. ना पान ना काही. सरळ झाकणाकडे धाव. ताई त्याला 'वांड' म्हणायची. "निघाला बघ पुन्हा वांड! सगळं सत्त्व हाच खातो, म्हणून फूल येत नाही. काप रे." मास्तर कापत. कवळीच्या धंद्यात पहिला नियमच तो, की जे रेषेच्या बाहेर येईल ते घासून टाकायचं, नाहीतर हिरडीला टोचतं. मुळाशी कात्री लावायची, कट्‌ आवाज पाण्यात ऐकू येत नाही, दांडा अलगद वर तरंगतो, चिमट्याने उचलायचा, कचऱ्यात. इतक्या वर्षांत किती वांड गेले कचऱ्यात, देव जाणे. ताई टाकीवाल्याला रस्त्यात गाठून भांडायची. "कुठाय रे तुझं फूल?" तो हात जोडायचा. "येईल हो ताई. झाडाचा मूड लागतो."

मूड लागायच्या आत ताई गेली.

इस्पितळातच गेली, जिथे तिचा आवाज सगळ्या भिंतींना पाठ होता. दोन दिवस ताप, तिसऱ्या दिवशी कुणी काही सांगायला आलं, तेव्हा मास्तर बाकावर बसून हातातली टोपी बघत होते. ते उठले, सही केली, घरी आले. माशांना खायला घातलं. झाकण काढून भिंतीला टेकवलं, ते तिथेच राहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीच्या वेळी मोटर चालू केली आणि एका म्हाताऱ्या गृहस्थांची खालची कवळी पुरी केली. डॉक्टरांचा फोन आला, "मास्तर, काय बसली आहे! हातात जादू आहे तुमच्या." मास्तर म्हणाले, "चालेल."

दात काढायच्या आधी डॉक्टर हिरडीत सुई देतात ना, मग गाल आपला असून आपला राहत नाही. माणूस स्वतःचाच ओठ चावतो, रक्त येतं आणि त्याला पत्ता नसतो. मास्तरांचं तसं झालं होतं, फक्त गालाऐवजी सगळाच माणूस. एकदा मेणाच्या दिव्यावर बोट धरलं गेलं. आधी वास आला, मग त्यांनी पाहिलं, मग बोट काढलं. कसलेसे कागद हवे होते म्हणून इस्पितळात फोन केला, तर पलीकडून एक नवा, कोवळा आवाज म्हणाला, "नमस्कार, कुणाशी बोलायचंय?" मास्तर बराच वेळ कानाला फोन लावून उभे राहिले. "हॅलो? कुणाशी बोलायचंय?" मास्तर म्हणाले, "चालेल," आणि फोन ठेवला.

त्या एका शब्दावर त्यांचं आता सगळं भागत होतं. वाणी म्हणे, हा साबण नाही, दुसरा देऊ? चालेल. शेजारीण म्हणे, तुमच्या दारात माझी सायकल ठेवू? चालेल. रविवार येई आणि जाई, हत्यारं खणातून बाहेर येत नसत. टाकीवरचा दिवा ताई संध्याकाळी ठरल्या वेळी बंद करायची. आता तो मास्तर झोपायला जाईपर्यंत जळायचा, कधी विसरला तर त्याहून पुढे. उडून जाणारं पाणी ताई तांब्याने भरून काढायची. आता पाणी खाली खाली चाललं होतं. एके दिवशी एक निळा मासा उडी मारून जमिनीवर पडलेला, वाळून कडक झालेला सापडला. मास्तरांनी तो चिमट्याने उचलला, थोडा वेळ उजेडाकडे धरला आणि टाकून दिला. काही वाटतंय का हे त्यांनी आत बघितलं असावं. काही वाटलं नाही.

आता यात भाची आली. भाची म्हणजे मधल्या बहिणीची मुलगी. उंच इमारतींतल्या लिफ्ट तपासायचं काम करते. स्वभाव तसाच, कुठे खरखर आली की लगेच कान टवकारणार. मामाच्या "चालेल"मधली खरखर तिने फोनवरच ओळखली. आली ती बॅग घेऊनच.

"मामा, माझ्याकडे राहायला चल."

"चालेल."

"म्हणजे पाहुणा म्हणून नाही. कायमचा. ही जागा सोडून."

"चालेल."

"तुझं कामाचं टेबल तिथे मावणार नाही."

"चालेल."

भाची त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. मग मुद्दाम म्हणाली, "आणि माझा कुत्रा तुझ्या पलंगावर झोपेल. घोरतो."

"चालेल," मास्तर म्हणाले.

ती स्वयंपाकघरात जाऊन नवऱ्याशी फोनवर बोलली. आवाज खाली ठेवला होता, पण दोन खोल्यांच्या घरात खालचा आवाज जाणार कुठे? "नाही रे, वाद घालत नाहीत, त्याचीच भीती वाटते. मी म्हटलं विहिरीत उडी मार, तरी चालेलच म्हणतील. असे आले तर येतील, पण आपल्याकडे फक्त कपडे येतील. एकदा तरी नाही म्हणू देत. कशालाही. मग मी त्यांना इथे ठेवीन नाहीतर तिथे नेईन, पण आधी माणूस तर सापडू दे."

मास्तरांनी हे सगळं ऐकलं. शब्द कळले. ते दुसऱ्या कुणाबद्दल असावेत तसे बाजूने निघून गेले.

भाचीने सामान बांधायला घेतलं, कारण हात रिकामे राहिले की तिला रडू येई. प्लास्टरचे जबडे तिने खोक्यात भरले. "मामा, यातला खासदार कोण रे?" म्हणून विनोद केला. मास्तरांनी एक जबडा उचलून दिला. "हा बहुतेक. झिजलेला आहे." विनोद होता की माहिती, तिला कळलं नाही. टाकीचं काय करायचं विचारलं तर तेच उत्तर. तेव्हा तिने टाकीवाल्याला सांगावा धाडला, की येऊन घेऊन जा, मासे, झाड, स्टँड, सगळं.

त्या दोन-तीन दिवसांत मास्तरांना पाण्यावर काहीतरी पांढरं तरंगताना दिसलं. नखाहून लहान, मऊ, भिजलेलं. त्यांना वाटलं, बाहीवरचं प्लास्टर पडलं. चिमट्याने काढलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. पुन्हा काढलं, आणि सवयीने बाही झटकली. पाण्यातून एक हिरवी दांडी वर आली होती आणि दिव्याच्या उजेडाकडे वाकली होती. तीही दिसत होती, पण दिसणं वेगळं आणि बघणं वेगळं.

टाकीवाला सकाळी आला, दोन बादल्या, रबरी नळी आणि एक पेटी घेऊन. तोही आता पिकला होता. दारातच म्हणाला, "ताई गेल्या हे कळलं तेव्हा मला वाटलं, आता रस्त्यात मला कोण शिव्या देणार?" मास्तरांनी मान हलवली. त्याने नळीचं एक टोक टाकीत सोडलं, दुसरं तोंडात धरून ओढलं, पाण्याची चव घेऊन तोंड वाकडं केलं आणि टोक बादलीत टाकलं. पाणी वाहू लागलं. मग तो झाड उपटायला वाकला, आणि वाकलेलाच राहिला.

"अहो मास्तर!"

त्याने पाण्यात घातलेला हात बाहेर काढला.

"अहो, हे फुललंय!"

भाची हातातला दोरा टाकून धावली. पाण्याच्या वर वीतभर उभा राहिलेला तो दांडा, त्यावर थराथराने हिरव्या कळ्या, हरभऱ्याएवढ्या, आणि एका थरावर एक फूल उघडलेलं. तीन पाकळ्या, पातळ, पांढऱ्या, मध्ये पिवळा ठिपका. बोटाच्या नखावर ठेवलं तर नख उरेल.

"बघा! म्हणालो होतो की नाही? येतं म्हणून!" टाकीवाला नाचायचाच बाकी होता. त्याने खिशातून चष्मा काढला. "काय सुंदर आहे हो! मी आयुष्यात पहिल्यांदा बघतोय."

"पहिल्यांदा?" भाची म्हणाली. "मावशीला तर सांगितलं होतंत, तुमच्या घरी आलंय म्हणून."

टाकीवाला गोरामोरा झाला. "त्याचं काय आहे, दुकानात झाड फुलायला टिकतंय कुठे? त्याआधीच विकलं जातं. ज्याच्याकडून मी घेतो, तो म्हणायचा त्याच्याकडे फुललंय. आता त्याने खोटं सांगितलं असेल तर मी काय करू? आणि बघा, खरंच निघालं की शेवटी!" त्याने पुन्हा वाकून बघितलं. "पण गाभ्यातून नाही आलं हं. दांड्याला आलंय. आधी कधी दांडा निघालाच नव्हता का हो?"

भाचीने मामाकडे पाहिलं. मास्तर जवळ आले. त्यांनी दांड्याकडे पाहिलं, वरून खाली, मुळापर्यंत.

"निघायचा," ते म्हणाले.

"मग?"

"कापायचो. ताई दाखवायची, मी कापायचो."

"अरे देवा! का?"

"तू सांगितलं होतंस. वर जाईल ते कापा."

"मी? मी कधी म्हणालो असं?" टाकीवाल्याने डोकं खाजवलं. "म्हणालो असेन. सगळ्यांनाच म्हणतो. पण ते पानांबद्दल हो! पान कुजतं!" मग एकदम आवाज पडला. "म्हणजे दोघांनी मिळून दर वेळी..."

नळीतून पाणी बादलीत पडतच होतं. झाडूवाला काचेला चिकटून तोंड उघडत होता, मिटत होता. भाचीला मामाच्या चेहऱ्यावर काहीतरी हवं होतं, काहीही, एखादी सुरकुती हलली तरी चाललं असतं. मास्तरांनी हात पुढे केला. तर्जनीच्या टोकाने, मेणात बसवलेला दात पक्का आहे का बघावं तसं, पाकळीला शिवले. पाकळी बोटाला लागली की नाही, हे त्यांना खात्रीने कळलं नाही. त्यांनी पुन्हा शिवून बघितलं. मग पाण्यावर शोधलं. कडेला कालचं एक पांढरं चिकटलेलं होतं, चिमट्यातून सुटलेलं. ते त्यांनी ओल्या बोटावर घेतलं आणि बघत राहिले.

"प्लास्टर नव्हतं," ते म्हणाले. कुणालाच काही समजलं नाही.

"मामा, बस जरा," भाची म्हणाली.

ते बसले नाहीत. टाकीवाल्याने घसा साफ केला. त्याचीही कामाची सकाळ होती, दुकान उघडायचं होतं. त्याने पेटी उघडून झाड तिच्यात कसं आडवं बसेल ते हाताने मापून बघितलं आणि मान हलवली.

"हे बघा मास्तर, झाड मी जिवापाड सांभाळतो. तुमच्या शब्दाबाहेर नाही. पण दांड्यासकट पेटीत मावणार नाही, वाटेत मोडेल. कळ्या असलेला भाग कापून तुम्हाला ग्लासात ठेवून देतो, दोन दिवस राहील. बाकीचं मी नेतो." त्याने खिशातून कात्री काढली. "कापू ना?"

नेहमीचा तो शब्द आता कुठल्याही क्षणी येईल, असं वाटून भाचीने डोळेच मिटले. पाणी बादलीच्या काठावरून जमिनीवर सांडायला लागलं होतं आणि तिकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. मास्तर त्या कात्रीकडे बघत होते. बघता बघता त्यांच्या हनुवटीखालचा एक स्नायू हलायला लागला, आणि मग ते म्हणाले:

"नको. मी अजून नीट बघितलं नाही. आणि तू ते पाणी आधी बंद कर बघू, सगळी जमीन ओली झाली, ताई मला बोलेल."